क्लिओफसचा ट्रॉम्बोन

"घाल की टोपी," म्हणत वर्नेलने कॉलेजची सोनेरी टोपी पुन्हा नवऱ्यापुढे धरली.

"सोनेरी रंग मला शोभत नाही," क्लिओफस म्हणाला आणि त्याने तळलेल्या माशाचा तुकडा तोंडात टाकला.

वर्नेलच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळत होता. बेथेल हिल कॉलेजच्या स्टेडियममधल्या या जागा तिच्या वडिलांच्या. चर्चचे सेवेकरी, डीकन ऑटिस, हाडाचे बेथेलवाले. शेजारच्या पीकन ग्रोव्ह कॉलेजचं नाव काढलं तरी त्यांचा पारा चढायचा. क्लिओफसला त्यांनी जावई करून घेतलं ते एकाच गोष्टीवर: पोरगा म्हणे बेथेलच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा. पण लग्नानंतर दरवर्षी नेमकं या दोन कॉलेजांच्या सामन्याच्याच दिवशी जावईबापूंना काम निघायचं. यंदा डीकन वारले, आणि वर्नेलने नवऱ्याला ट्रॉम्बोनसकट ओढून आणलं.

आल्यापासून बघते तर काय! याला फाटक सापडेना. कॉलेजचं गाणं सुरू झालं तेव्हा याचे नुसते ओठ हलत होते.

"तुझा नवरा कुठल्या सालच्या बॅचचा गं?" शेजारच्या लुवेनिया मावशींनी विचारलं. "मी एक सामना चुकवलेला नाही. हे ध्यान बँडमध्ये कधी दिसलं नाही बाई."

"विसरला असाल, मावशी," वर्नेल म्हणाली.

मध्यंतर झालं. जागचं कुणी हललं नाही. लोक येतात ते बँडसाठी, सामना आपला निमित्ताला. दोन्ही बँड समोरासमोर उभे राहिले. निवेदक ओरडला, "जुने वादक, उतरा मैदानात!"

पिकल्या केसांची माणसं वाद्यं घेऊन पायऱ्या उतरू लागली. क्लिओफस बुटांकडे बघत बसला.

वर्नेलचे डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण कुणाबरोबर संसार केला?

"खरं सांग, क्लिओ. तू कधी वाजवलंच नाहीस ना?"

"वाजवलंय. चांगलं चार वर्षं."

"मग ऊठ!"

"तुझे बाबा..."

"बाबा आता नाहीत."

त्याने ट्रॉम्बोनची पेटी मांडीवर घेतली. "रात्री घरात घेशील ना?"

"अरे, जा की!"

क्लिओफसने पेटीतून ट्रॉम्बोन काढला. पायऱ्या उतरून तो बेथेलच्या सोनेरी रांगेपाशी पोचला, "जरा वाट द्या" म्हणत तिच्यातून आरपार गेला आणि सगळं मैदान ओलांडून चालत राहिला. पलीकडे पीकन ग्रोव्हच्या जांभळ्या कोटांमधून एकच गलका उठला, "अरे, आपला क्लिओ आला!"