नखं दाखव

"आज बाईंना सोडत नाही मी. फूटपट्टीने मारतात म्हणजे काय?" लेकीची सुजलेली बोटं हातात धरून आई शाळेचा जिना चढली. लेक बऱ्याच दिवसांनी ताठ मानेने चालत होती.

वर्गात बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, तू! चौथी ब ना? मीच शिकवलंय तुला. पोरगी तुझ्यावरच गेलीय, नखं कापायला नकोत." त्यांनी टेबलावरची पट्टी उचलली. "दाखव."

लेकीच्या आधी आईचेच दोन्ही हात पुढे झाले. घरून पाठ करून आणलेलं सगळं विसरून ती पुटपुटली, "चुकलं, बाई."

जिना उतरताना लेकीने आईचे हात हळूच धरले.

"आई, बोटं ढिली सोडायची. मग कमी लागतं."