निवृत्तीमामाच्या विहिरीतला बॉल

विहिरीतला गाळ उपसणाऱ्या यारीची बकेट वर आली. गाळात एक बॉल दिसला, तसा राजकुमार चपला तिथंच सोडून पळाला.

"सापडला! इंद्या, सापडला बे! हा पाह्य पुरावा!"

राजकुमार कॉलेजात इतिहास शिकवायचा. पुराव्याशिवाय बोलणाऱ्या पोराला वर्गात उभं ठेवायचा. आज त्याचा स्वतःचाच इतिहास विहिरीत अडकला होता. पंधराएक वर्षांमागं धामणगाव बढेच्या पोरांनी नांदुऱ्याच्या टीमला शेवटच्या बॉलवर सिक्स मारून हरवलं. मारला कोणी? राजकुमार म्हणायचा, मी, बॉल मैदानाला लागून असलेल्या निवृत्तीमामाच्या विहिरीत पडला. इंद्रभान म्हणायचा, मी, बॉल उलट्या अंगाला तुरीच्या वावरात गेला. स्कोअरची वही त्याच संध्याकाळी भजे बांधण्यात संपली. एक गोष्ट मात्र दोघांच्याही सांगण्यात सारखी होती. मारणाऱ्यानं खुशीत आपली बॅट भिरकावली, ती पुन्हा कोणाला दिसली नाही.

आता मैदानाला नवी कमान झाली होती. देवेश पेंटर शिडीवर बसून होता. 'नांदुऱ्यावर विजयी षटकार :' इथपर्यंत रंगवून झालं होतं, पुढची जागा कोरी. उद्या उद्घाटन. राजकुमारची बायको पुष्पांजली नांदुऱ्याची, आणि तिच्या माहेरी जावयाची ओळख एकच, 'आपल्याला हरवणारा तो हाच.' उद्या सासरा आणि दोन्ही साळे येणार होते. कमानीवर दुसऱ्याचं नाव दिसलं, तर पुढं जन्मभर सासरवाडीत कोपऱ्यात बसून चहा प्यावा लागणार होता.

इंद्रभान कृषी केंद्र चालवायचा. तो काठावर उकिडवा बसला होता. त्याचं तोंड उतरलं, पण तो म्हणाला, "थांब गड्या. बकेट अजून येऊन राह्यली."

पुढच्या बकेटीत आणखी बॉल निघाले. त्याच्या पुढच्या बकेटीत तर गाळ कमी आणि बॉलच जास्त. निवृत्तीमामा ते टोपल्यात टाकत गेला. टोपलं भरलं.

"आता सांग," इंद्रभान म्हणाला, "यातला तुहा कोणता?"

राजकुमार एकेक बॉल पँटीला पुसून पाहू लागला. सगळे सारखेच. लव गेलेली, रबर काळं.

मामानं कमरेवर हात ठेवले. "काऊन बे सर? इतके वर्स मी इचारू इचारू थकलो, पोट्टेहो, माह्या इहिरीत बॉल कोण टाकते? तवा तं तू देवाची आन घेऊन सांगे, मामा, आमचा बॉल इकडं आलाच नाही."

"तवा तुमचं भेव होतं ना मामा."

"आन् आता बायकोचं!" इंद्रभान म्हणाला. यारीवाला पण हसला.

राजकुमारनं एक बॉल घट्ट धरून डोळे मिटले. आपल्याला आठवते ना, मग बस. बॅट फिरली. बॉल वर गेला. मारणाऱ्याच्या पाठीला घामानं चिकटलेला शर्ट दिसला.

पाठ?

त्यानं डोळे उघडले, परत मिटले. परत पाठच.

त्यानं इंद्रभानला हाताला धरून यारीच्या मागं नेलं. आवाज एकदम खाली. "इंद्या, खरं सांग. तुले तो सिक्स आठवते, तवा मारणाऱ्याचं तोंड दिसते का पाठ?"

"हे काय इचारणं झालं? मले तं चांगलं साफ..." इंद्रभान बोलता बोलता थांबला. मग म्हणाला, "पाठ."

"आपली पाठ आपल्याले दिसते का बे?"

"नाई."

"मंग आपण होतो कुठं?"

इंद्रभान डोकं खाजवत राहिला. "भज्याच्या गाडीवर," तो हळूच म्हणाला.

तिकडून देवेश ओरडला, "ओ सर! रंग सुकून राह्यला. नाव कोणाचं टाकू?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघं एका आवाजात बोलले, "दोघायचं टाक!"

देवेशनं ब्रश बुडवला. राजकुमारला एकदम हलकं वाटलं. इंद्रभाननं त्याच्या खांद्यावर हात टाकला. आता चहा सांगायचा का, अशी गोष्ट निघाली.

तेवढ्यात यारी घरघरली, बकेट वर आली. निवृत्तीमामानं आत हात घालून काहीतरी लांब ओढून काढलं.

"अरे, हे तं बॅट हाये! खिळ्यानं नावगिव कोरलेलं दिसते कोणाचं. थांबा, गाळ पुसून पाह्यतो."

राजकुमार अनवाणीच धावत सुटला. त्याच्या मागं इंद्रभान.

"पुसू नका मामा! पुसू नका!"