बाईंची नऊ पदं

"टेप्स पुसल्या, मॅडम. आमच्या शॉपिंग चॅनलला लागत होत्या," मालकांचा मॅनेजर शर्वाणीला म्हणाला. उपग्रहावरून दिसणारी त्यांची कलावाहिनी चौदा महिन्यांतच बंद पडली होती आणि निर्माती शर्वाणी आपण केलेले कार्यक्रम न्यायला आली होती.

त्यांत मिरजेच्या मथुराबाई होत्या. संगीत नाटकांत गाणाऱ्या आईकडून त्यांना नऊ पदं मिळाली होती. ती त्यांनी कधी कुणाला रेकॉर्ड करू दिली नव्हती. "बाई, आमच्याकडे ती कायमची राहतील," असं सांगून शर्वाणीनेच त्यांना स्टुडिओत नेलं होतं.

ती तशीच मिरजेला गेली. चार महिन्यांपूर्वीच्या अर्धांगवायूनंतर बाई बोलू शकत होत्या, गाऊ शकत नव्हत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "भाचीला शिकवत होते मी. तुमचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा थांबवलं. म्हटलं, आता घाई कशाला?"

शर्वाणी रडू लागली. "मालकांनी मलाही फसवलं हो, बाई."

"तुझ्या मालकाला मी ओळखतही नाही," बाई भिंतीकडे तोंड फिरवत म्हणाल्या. "माझ्या घरी तू आली होतीस."