सुईवरचा ठपका

देवी टोचणारे शकूरभाई वरवट बकाल गावात अंबूबाईच्या ओट्याशी आले, तशी तिनं धाकटीला पदराआड ओढलं. “नाही टोचू देनार! थोरलीले म्याच नेऊन टोचलं अन् महिन्यात गेली पोरगी.” शकूरभाई वाद न घालता खाली बसले. “कशानं गेली, माय?” “हगवनीनं.” “गावात तवा हगवनीनं आनखी किती लेकरं गेली?” “आठ.” “त्यायले देवी टोचल्या होत्या?” “कोनालेच नाही, फक्त माह्याच...” बोलता बोलता अंबूबाईच्या ध्यानात आलं. आठ लेकरं तर सुईशिवायच गेली होती! पाच वर्षं सासू ‘तूनंच मारली’ म्हणत आली आणि तिलाही ते खरं वाटत होतं. “म्हंजे भाऊ, म्या नाही मारलं तिले?” “नाही, माय. तू तर तिले जपाले नेलं होतं.” अंबूबाईनं धाकटीची बाही स्वतःच वर केली आणि थोरलीचं नाव घेऊन पहिल्यांदाच पोटभर रडली.