कोंबडीची हाक

चिचगडच्या शेडमध्ये ब्रॉयलरची पिल्ले नव्या खाद्यासमोर निश्चल उभी होती. सोयाबीनची पेंड परवडेनाशी झाली, म्हणून रेशमाचे कोसे उकळून सूत काढल्यावर उरलेले किडे अल्काने वाळवून भरडले होते. पिल्लांनी नाकारले, तर शेडला कुलूप लावून नवऱ्यामागे नागपूरला विटा वाहायला जाणे अटळ होते. सासूने अंगणातली गावरान कोंबडी आणून आत सोडली. “हिले कायले आणता, माय?” अल्काने विचारले. “थांब ना. लेकरायले बलावणारं कोणी नाही, मनून उपाशी राहून राहिले.” चोच आपटत कोंबडी दबक्या स्वरात कुटकुटली. यंत्राच्या उबेत जन्मलेली, आईचा आवाज न ऐकलेली ती पिल्ले हाकेकडे धावली आणि अधाशीपणे टिपू लागली. अल्काचा जीव भांड्यात पडला. पोट भरल्यावर मात्र काही पिल्ले कोंबडीच्या पंखांखाली शिरली. “माय,” अल्का हळूच म्हणाली, “आता या लेकरायले इकू कशी?”