झाकलेल्या पाट्या

उद्घाटनाला आलेले शरच्चंद्र सर फोटोंसमोर उभे राहून तोंडभर कौतुक करत होते आणि इकडे महादेव नाखवा खुर्चीत चुळबुळत होता.

दादरच्या हॉलमध्ये त्याच्या लेकीच्या, तुळसाच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं होतं. चौदा फोटो. सगळ्यांत तिची आई राधाबाई, वरळीच्या बंदरावरून घरी निघालेली, डोक्यावर ओल्या गोणपाटाने झाकलेली पाटी. पाहुण्यांना काय कळणार? कोळीवाड्याला मात्र ठाऊक होतं. बोट हात हलवत परत आली की बायका रिकामी पाटी अशीच झाकतात आणि ओझं असल्यासारख्या जड पावलांनी चालतात. झाकली मूठ सव्वा लाखाची!

गिरण्या संपात बुडाल्या तेव्हा महादेवचा बाप छाती काढून म्हणायचा, दर्याला कोण टाळं लावणार? आता पाणी तापलं, मासळी खोल गेली. तुळसाला ते सोसवेना. घास उतरेना, बोलायला जावं तर रडू फुटे. म्हणून तिने कॅमेरा धरला. बापाने एकच अट घातली, पाटीत काय आहे ते कुणाला सांगायचं नाही. पोरीने शब्द दिला.

"केवढी ही समृद्धी!" सर माइकवर म्हणाले. "भरलेल्या पाट्या, भरलेला समुद्र. हेच आपल्या मुंबईचं वैभव."

टाळ्या पडल्या. मागे बसलेल्या कोळणींनी माना खाली घातल्या. तुळसाचे डोळे डबडबले, पण तोंडातून ब्र नाही. दोन वर्षं जीव जाळून तिने जे दुःख टिपलं, ते लोक सण म्हणून बघत होते. महादेवला ते बघवेना. आणि गंमत बघा, त्याच घटकेला त्याची छातीही फुगली. एवढी शब्दाला जागणारी पोर आपल्या पोटी आली कशी, हेच त्याला कळेना.

तो उठला आणि तुळसाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. माइक लागलाच नाही. भर दर्यात हाका मारून कमावलेला गळा होता तो.

"रिकाम्या हायेत त्या पाट्या, सायेब. चौदाच्या चौदा." त्याने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. "माज्या इज्जतीपायी गप बसली ही. पन माजी इज्जत त्या पाटीत नाय, ही इथं उभी हाय."