आधी माझं म्हणणं सांगा

२०२४ साली चौदा एप्रिल रविवारी आला होता आणि जयपूरचं मतदान त्याच आठवड्यात होतं. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये रविवारचा कट्टा नुकता भरत होता. मीराबाई पांढऱ्या साडीत आत आल्या, खुर्च्यांच्या मधून सरळ पुढे गेल्या आणि अध्यक्षांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

“माझा मेसेज कोणी डिलीट केला?”

मीराबाई रेल्वेत तिकीट तपासनीस होत्या. निवृत्त झाल्या तरी विचारायची तऱ्हा तीच. समोरचा उगाच खिसे चाचपू लागे.

“मी केला,” उमाकांत म्हणाले. विम्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला सरळ माणूस, खोटं बोलता येत नसे. “कानोत्याच्या सहलीत निवडणुकीवरून कशी जुंपली, तुम्ही पाहिलंत. म्हणून मतदान होईपर्यंत ग्रुपवर राजकारण नको, असं ठरवलंय. मनाला लावून घेऊ नका.”

“‘जय भीम’ लिहिलं होतं. सोबत बाबासाहेबांचा फोटो. आज जयंती आहे.”

“फोटो हल्ली सगळेच पक्ष लावतात, मीराबाई.”

“अन् मंगळवारी पाडव्याच्या गुढ्या आल्या ग्रुपवर, त्या?”

“तो सण आहे.”

“मग आज काय आहे?”

उमाकांतांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मागच्या रांगेतून बँकेतला अभिजित म्हणाला, “जाऊ द्या ना काकू. एका मेसेजचं एवढं काय?”

“तू थांब, राजा. तुझी बदली होईल, तू जाशील. आम्हाला इथंच मरायचंय.”

दोघं-तिघं हसले. मीराबाई हसल्या नाहीत. “रेल्वे कॉलनीतली आमची सगळी घरं मंडळ सोडायला निघालीत, उमाकांतजी. आमचे हे तर आलेच नाहीत. म्हणाले, बोलून काय होतं. मी म्हटलं, एकदा बोलून येते, मग सोडू.”

“अहो, मंडळ फुटू नये म्हणूनच तर मी—”

“आमची तोंडं शिवून तुमचं मंडळ अखंड ठेवायचं? त्यापेक्षा कट्ट्याचा नियम लावा. आधी माझं म्हणणं सांगा. मी ‘हो’ म्हटलं, तरच तुमचं बोला.”

नियम मंडळाइतकाच जुना होता: वाद झाला, की आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं मांडायचं. मोबाइल आल्यापासून कोणी तो पाळत नव्हतं. उमाकांतांनी हॉलभर पाहिलं. कोपऱ्यात पन्हं ओतत असलेल्या त्यांच्या पत्नी, विभाताई, मान वर न करता म्हणाल्या, “अहो, उभं राहून सांगतात.”

उमाकांत उभे राहिले.

“मीराबाईंचं म्हणणं असं की, त्यांच्या भावना दुखावल्या.”

“मले भावना-बिवना काही नाही दुखल्या.” रागात त्यांची अकोल्याची बोली वर येई. “परत सांगा.”

“त्यांना असं वाटतं की, मंडळात भेदभाव—”

“वाटत नाही. झाला. परत.”

आता कोणी हसलं नाही. उमाकांतांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

“आमचा सण तो सण,” ते सावकाश म्हणाले. “तुमचा आला, की ते राजकारण. हे मी एकट्यानं ठरवलं. तुम्हाला विचारावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.”

“हो,” मीराबाई म्हणाल्या. “हेच.”

त्यांना वाटलं, झालं काम. मान ताठ ठेवून आता निघावं. पण उमाकांत बसले नाहीत.

“नियम दोन्ही बाजूंना आहे. आता माझं तुम्ही सांगा.”

मीराबाई या तयारीनं आल्या नव्हत्या. त्यांनी त्या माणसाकडे नीट पाहिलं. चष्म्याविना तो बराच म्हातारा दिसत होता.

“तुमचा मुलगा तन्मय मागच्या निवडणुकीवरून तुमच्याशी भांडला,” त्या म्हणाल्या. “तेव्हापासून घरी येत नाही. मंडळाचंही तसंच होईल, ही तुमची भीती. म्हणून कोणी तोंड उघडायच्या आधीच तुम्ही सगळ्यांची तोंडं बंद करता.”

विभाताईंनी पन्ह्याचा जग खाली ठेवला.

“हो,” उमाकांत म्हणाले.

“पण भीती तुमची अन् तोंड बंद माझं, हे चालणार नाही.”

पर्समधून फोन काढून मीराबाईंनी तिथंच, सगळ्यांसमोर, तोच फोटो पुन्हा पाठवला. खिशाखिशांतून फोन वाजत गेले. उमाकांतांचा टेबलावर उजळला.

“करा आता डिलीट.”

उमाकांतांनी फोनकडे पाहिलं. हात लावला नाही.

रेल्वे कॉलनीतली दोन घरं तरीही गेली आणि परत आली नाहीत. बाकीची राहिली. मीराबाईंचे यजमान उत्तम एका रविवारी येऊन नुसता चहा पिऊन गेले, मग दर रविवारी येऊ लागले. अभिजितची बदली पुढच्याच वर्षी झाली. तन्मयचा फोन सणावारी येतो, तेवढाच. उमाकांतांनी दिवाळीत अध्यक्षपद सोडलं, पण मत काही सोडलं नाही. मीराबाईंनीही नाही.

मागच्या हिवाळ्यात उमाकांत छातीच्या दुखण्यानं रुग्णालयात होते. मीराबाई रोज संध्याकाळी ई-रिक्षानं जात आणि थोड्याच वेळात राजकारणावरून दोघांची अशी जुंपे, की नर्स येऊन खोलीचं दार बाहेरून ओढून घेई. विभाताई बाहेर बाकावर बसत. आतला आवाज चढला, की त्यांना बरं वाटे.